स्वयंपाकघरातली बाई

आमच्या धंद्यातल्या लोकांचा एक ऑनलाइन अड्डा आहे, कात्रीकट्टा नावाचा. सिनेमा असो, माहितीपट असो, लग्नाचा व्हिडिओ असो नाहीतर साबणाची जाहिरात, कॅमेऱ्यात आलेलं कुणाला तरी कापून जोडावंच लागतं. ते कापणारे आणि जोडणारे सगळे तिथे पडीक असतात. मीही सतरा वर्षं पडीक होते. तिथे मला आजीबाई म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा मी जेमतेम एकतीस वर्षांची होते, पण फाइल उघडत नाही, आवाज ओठांच्या मागे पडतोय, डिस्क ऐन वेळी मेली, अशा प्रत्येक दुखण्यावर माझ्याकडे काहीतरी घरगुती औषध असायचं. म्हणून कुणीतरी माझ्या उत्तरांना आजीबाईचा बटवा म्हटलं आणि ते चिकटलं. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. आता कुणी त्या नावाने हाक मारली तर मी ओ देत नाही.

माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी, हीसुद्धा याच धंद्यात आली. तिला आम्ही बारकी म्हणतो. आता ती आम्हा सगळ्यांपेक्षा वीतभर उंच आहे, तरी बारकीच. शिक्षण संपवून नोकरी शोधत होती. एका जाहिरातीच्या स्टुडिओने तिला परीक्षेला बोलावलं. परीक्षा म्हणजे काय, एका खोलीत बसवतात, न कापलेलं फुटेज देतात, आणि दीड तासात त्यातून दोन मिनिटांचा तुकडा करून मागतात. मी तिची तयारी करून घेतली होती. आधी सगळं बघायचं, हात मांडीवर ठेवायचे, मग कापायला लागायचं. माझं ऐकणारी जगात ती एकटीच होती.

मंगळवारी दुपारी ती माझ्या एडिट रूममध्ये आली. मी एका पाण्याच्या पंपाचं गुणगान कापत बसले होते. तिने खांद्यावरची बॅग काढली नाही, बसलीही नाही. मी विचारलं, कशी झाली परीक्षा.

“आई होती,” ती म्हणाली.

मला वाटलं, ताई तिच्यासोबत गेली. चिडलेच मी. एवढी घोडी झाली, आई कशाला हवी सोबत, असं काहीसं बोलले.

“सोबत नव्हती आली. फुटेजमध्ये होती.”

माझा हात माऊसवर होता तो तिथेच राहिला. तिने मला एवढंच विचारलं की ते फुटेज कुठून आलं हे तुला माहीत आहे का. मी हो म्हणाले. ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली. दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

आता ते फुटेज काय ते सांगायला हवं, आणि ते सांगताना मला स्वतःला पाठीशी घालायचं नाहीये.

पंधरा वर्षांपूर्वी बॉयलर फुटून ताईचा नवरा गेला. कारखान्यातले आणखी चार जण गेले. मी तेव्हा त्या पाच घरांवर एक माहितीपट केला. कॅमेरा मीच धरला, कापलाही मीच. भाऊजींना जाऊन दोन महिने झाले होते तेव्हा मी ताईच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावला. ती ओट्याशी टेकून उभी होती, मागे खिडकी, हातात भांडं पुसायचं फडकं. बेचाळीस मिनिटं ती बोलली. बहीण म्हणून बोलली, हे मी मुद्दाम सांगते, कारण इतर चार घरांतल्या बायका माझ्याशी असं बोलल्या नाहीत. तेविसाव्या मिनिटाच्या आसपास ती जे बोलली ते मला आजही जसंच्या तसं पाठ आहे. ती म्हणाली, त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं, मी बॅग भरून ठेवली होती. म्हणाली, ही पोर नसती तर मी दोन वर्षांपूर्वीच निघून गेले असते. मी तिच्याकडे बघते आणि मला वाटतं, हिने मला अडकवलं. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, हे घालू नकोस हं. मी म्हणाले, नाही घालत ताई, तू बोल.

आणि मी घातलं नाही. शब्द पाळला. सिनेमा लागला तेव्हा ताई पहिल्या रांगेत बसली होती, ती जागा आली आणि गेली, आणि अंधारात तिने माझा हात दाबला. बारकी तेव्हा सात वर्षांची, मागे कुणाच्या तरी मांडीवर झोपली होती.

पुढच्या वर्षी कट्ट्यावर एक रड सुरू झाली. शिकणाऱ्यांना सरावाला खरं फुटेज नाही. बागा आहेत, रस्ते आहेत, लोकांची मांजरं आहेत, पण माणूस बोलतोय, अडखळतोय, रडतोय असं काही नाही, आणि तेच कापायला सगळ्यात अवघड. माझ्याकडे डिस्क पडून होती. ताईचं बेचाळीस मिनिटांचं ‘रॉ’ मी उचललं आणि सरावाच्या विभागात टाकलं. रॉ म्हणजे कॅमेऱ्यात आलेलं सगळं, कात्री न लागलेलं. माणूस खाकरतो, उजेड डोळ्यांवर येतोय म्हणतो, नाक पुसतो, झालं का विचारतो, तेही. चांगल्या मनाने दिलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. मिरवायला दिलं. बघा, माझ्याकडे कसलं फुटेज आहे. नाव न देता दिलं, एवढं केलं. शीर्षक दिलं, ‘स्वयंपाकघरातली बाई’.

तुम्ही विचाराल, मग शब्द दिला होता त्याचं काय. हसू नका, पण माझ्या डोक्यात तो प्रश्नच आला नाही. ताई म्हणाली घालू नकोस, मी घातलं नाही, विषय संपला. आम्हा कापणाऱ्यांना ही एक सवय जडते. जे टाइमलाइनवर, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांच्या पट्टीवर नाही, ते जगातच नाही. कापून टाकलं म्हणजे गेलं. अरे, गेलं कुठे? डिस्कवर तसंच होतं, बेचाळीसच्या बेचाळीस मिनिटं. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाने ही चूक केली नसती. ती करायला माझ्यासारखी हुशार बाईच लागते.

आणि नंतर कधीतरी लक्षात आलंच होतं. आलं नसतं तर बारकी या धंद्यात शिरल्यापासून, कट्ट्यावरच्या सरावाच्या नादी लागू नकोस, मी तुला खरं काम देते, असं मी तिला चार-चारदा का सांगितलं असतं? तिने ऐकलं. कट्ट्याच्या त्या विभागात तिने पाऊल टाकलं नाही. परीक्षा घेणाऱ्याने मात्र टाकलं होतं, त्याचं सगळं शिक्षण तिथेच झालेलं.

बुधवारी ताईचा फोन आला. बारकी घरी येत नाहीये, मैत्रिणीकडे राहते म्हणाली, फोनवर धड बोलत नाही. परीक्षा वाईट गेली का, तुला काही म्हणाली का. तूच विचार, तुझं ऐकते ती. मी म्हणाले, परीक्षेचं टेन्शन असेल, दोन दिवसांत येईल. गुरुवारी परत फोन. मी परत तेच. खोटं बोलायला मला वेळ लागत नाही हे त्या दोन फोनमध्ये कळलं. ताई मला धाकटी म्हणून सांभाळून बोलत होती, तुझ्या कामात व्यत्यय आणते का गं, असं विचारत होती, आणि मी नाही गं, असं म्हणत होते.

बारकीला मी वीस फोन केले असतील. तिने एकही घेतला नाही. मग मी ठरवलं की ताईला यातलं काही कळायच्या आत ते फुटेज तिथून काढायचं, आणि मग बारकीच्या पाया पडून तिला घरी न्यायचं. ताईचं आयुष्यभराचं एकच माणूस, ते तिच्यापासून तुटायला नको, एवढंच मला हवं होतं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

काढायचं म्हणून मी ते पान उघडलं. कितीतरी वर्षांनी उघडलं.

शी. मला दुसरा शब्द सुचत नाही. अकराशेच्या वर लोकांनी ताईला कापलं होतं. अकराशे. प्रत्येकाने आपापला तुकडा खाली लावलेला आणि त्याखाली बाकीच्यांची मतं. बाई रडायला फार वेळ घेते, मी मधले चार सेकंद खाल्ले. हुंदक्यावर कापू नका, हुंदक्याच्या आधीच्या श्वासावर कापा. फडकं पिळते तो क्लोजअप तीनदा वापरलाय, कसा वाटतो? नाक पुसलेलं काढा, सहानुभूती कमी होते. एकाने मागे सारंगी लावली होती. एकाने सगळं निळं केलं होतं आणि वर लिहिलं होतं, दुःखाला थंड रंग. एका दीडशहाण्याने ताईचं बोलणं असं काही जोडलं होतं की ती भांडं फुटल्याबद्दल मोलकरणीला झापते आहे असं वाटावं, आणि त्याखाली हसून लोळणाऱ्या तोंडांची माळ. एकाने तिला भुताच्या सिनेमात घातलं होतं. ती खिडकीकडे वळते, तिथे काहीतरी उभं असतं.

आणि जवळजवळ प्रत्येकात ते वाक्य. हिने मला अडकवलं. कुणी त्याने सुरुवात केली होती, कुणी मधे. कुणी ‘हे घालू नकोस हं’ एवढंच ठेवून अंधार केला होता, आणि त्यांना सगळ्यात जास्त टाळ्या.

मी सकाळी अकरा वाजता बघायला बसले आणि अडीच वाजता उठून मोरीत ओकले. पंपवाल्यांचा फोन दोनदा येऊन गेला होता. तोंड धुऊन परत बसले, कारण पानाच्या अगदी वर, सोनेरी चौकटीत, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेली एक सूचना होती आणि ती मी अजून वाचली नव्हती. लिहिणारी आजीबाई. तारीख बारा वर्षांपूर्वीची. लिहिलं होतं की बोलणारा माणूस ज्या ठिकाणी ‘हे घालू नका’ म्हणतो तिथे नेहमी थांबा, पुन्हा ऐका, बहुतेक वेळा तुमचा सिनेमा तिथेच असतो.

मी हे लिहिलं होतं. मला आठवतही नव्हतं. कुणीतरी विचारलं असेल, मी चहा पिता पिता लिहून टाकलं असेल. त्या अकराशे जणांची किळस करत मी साडेतीन तास बसले होते, आणि ते बिचारे माझंच ऐकत होते.

कट्ट्याचा मालक कुणाशीही आवाज चढवून बोलत नाही. अत्यंत गोड माणूस, बोलताना मधाचं बोट लावतो. त्याला फोन करून मी म्हणाले, स्वयंपाकघरातली बाई काढून टाका, आज. तो म्हणाला, आजीबाई, तुमच्या शब्दाबाहेर मी आहे का. पण मग हळूच म्हणाला की कट्ट्यावर काही पुसायचं नाही हा नियम तुम्हीच करून घेतला होता. खरं होतं. लोक प्रश्न विचारायचे, उत्तर मिळालं की लाजेने प्रश्न पुसून टाकायचे, आणि पुढच्याला उत्तराचा पत्ता लागायचा नाही. तेव्हा मीच आकाशपाताळ एक केलं होतं. शिवाय, तो म्हणाला, त्या बाईंच्या सहीचा संमतीचा कागद तुम्हीच पाठवला होता. तोही खरा. ओट्यावर ठेवून मी तिची सही घेतली होती. तिने वाचलासुद्धा नव्हता, हात ओले होते म्हणून कोपऱ्याला धरून सही केली होती.

त्याने मार्ग काढला. सगळ्यांसमोर मांडा, म्हणाला, आपलं कुटुंब आहे, समजून घेतील. मी मांडलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा लिहिलं की ती बाई माझी सख्खी बहीण आहे, तिने नको म्हटलेलं मी इथे आणून टाकलं, आणि तिच्या मुलीने ते ऐकलं. आपापल्या प्रती पुसा, अशी हात जोडून विनंती केली.

शिव्या आल्या असत्या तर चाललं असतं. आलं ते कौतुक. आजीबाई, डोळ्यांत पाणी आलं. आजीबाई, तुमच्या ताईंनी आमच्या एका पिढीला घडवलं, त्यांना आमचा नमस्कार सांगा. आजीबाई, सख्ख्या बहिणीला कॅमेऱ्यासमोर उभं करायला केवढं काळीज लागतं. फ्रेमवेडा नावाचा एक जण आहे, लग्नाचे व्हिडिओ करतो, त्याने विचारलं की हे तिच्या तोंडून काढलंत कसं, यावर एक तासाचं सत्र घ्याल का, आम्ही सगळे येऊ. खाली सत्तर जणांनी ‘मीही’ म्हटलं. आणि एकाने, देवा, एकाने माझ्या त्या विनंतीच्या सन्मानार्थ ताईचा नवा तुकडा कापून लावला. त्याच रात्री नाही, तासाभरात. नवीन रंग, नवीन संगीत, शेवटी ‘एका बहिणीस’.

शुक्रवारी मालकाने मूळ फुटेज काढलं. अकराशे तुकडे तसेच ठेवले, कारण ती सभासदांची मेहनत आहे म्हणाला. संध्याकाळपर्यंत कुणीतरी मूळ फुटेज दुसऱ्या ठिकाणी चढवलं, जतन व्हावं म्हणून. मी कट्ट्यावरचं माझं खातं बंद केलं. निरोपाचा मजकूर लिहा, असं यंत्राने सुचवलं. लिहिला नाही.

शनिवारी ताईचा सुट्टीचा दिवस. ती एका दवाखान्यात कागदपत्रांच्या खिडकीवर बसते, दिवसभर लोकांचे नंबर पुकारते, त्यामुळे सुट्टीला तिला कुणी बोललेलं आवडत नाही. मी सकाळी दहाला गेले. ती धुतलेले कपडे पलंगावर टाकून घड्या घालत होती. मला बघून आधी तिच्या तोंडावर आनंदच दिसला. म्हणाली, बरी आलीस, तुला म्हणून सांगते, मला त्या पोरीची काळजी वाटायला लागली आहे.

मी उभ्या उभ्या सांगितलं. बसले असते तर सांगितलं नसतं.

तिला आधी कळेचना. बारकीचा एक शर्ट हातात धरून ती ऐकत राहिली.

“पण तू ते घातलं नव्हतंस,” ती म्हणाली. “मी बघितलाय ना सिनेमा.”

मी रॉ म्हणजे काय ते समजावलं. सिनेमा वेगळा, रॉ वेगळं. सिनेमात कापून टाकलं होतं. रॉमध्ये असतंच. मी समजावत होते आणि माझा आवाज मला ऐकू येत होता, कट्ट्यावर नवशिक्यांना समजावताना असतो तसा, शांत, जरा वरचा.

“म्हणजे मी नको म्हटलेलं तू कापून काढलंस,” ताई सावकाश म्हणाली, “आणि काढलेलं लोकांना दिलंस.”

मी हो म्हणाले. पंधरा वर्षांत मला जे एका वाक्यात मांडता आलं नाही ते तिने शर्टाची घडी घालता घालता मांडलं.

मी लोकांबद्दल बोलायला लागले, अकराशे, सारंगी, मालक. तिने हात हलवून मला गप्प केलं. लोकांचं मला काय करायचंय, म्हणाली, लोक मला रोज खिडकीतून बघतात. पोरीने बघितलं ना, एवढं सांग. मी म्हणाले, बघितलं. सगळं? सगळं. मग ताई पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, हे मी तिला सांगणार होते. मोठी झाल्यावर, तिला स्वतःला काहीतरी नकोसं झालं असतं ना कधी, तेव्हा सांगणार होते, की मलाही झालं होतं आणि मग ते गेलं. माझ्या तोंडाने सांगणार होते.

तिने बारकीला फोन लावला. मला ऐकू येईल असंच बोलली. म्हणाली, मावशी आली आहे, मला सगळं कळलंय, घरी ये. पलीकडून काय आलं ते कळलं नाही. पाऊण तास आम्ही दोघी त्या खोलीत होतो. ती घड्या घालत होती आणि मी मोज्यांच्या जोड्या लावत होते. दोनदा चुकीच्या लावल्या, तिने न बोलता सोडवल्या.

बारकी आली ती दारातच उभी राहिली. चार दिवसांत तिचे डोळे खोल गेले होते. ताईने तिला जवळ बोलावलं नाही, समजूतही घातली नाही. सरळ म्हणाली, “तू ऐकलंस ते खरं होतं. तेव्हा खरं होतं. तुला राग आला असेल तर तो काढ, पण घरी येऊन काढ.”

“त्यासाठी नाही लपले मी, आई,” बारकी म्हणाली.

मग ती खाली बघून भराभरा बोलली. तिला ती नोकरी मिळाली होती. सोमवारपासून बोलावलं होतं. परीक्षेला नऊ जण होते आणि त्या माणसाने फक्त तिचा तुकडा सगळ्यांना लावून दाखवला. म्हणाला, वर्षानुवर्षं हे फुटेज देतोय, असं कुणी कापलं नव्हतं. तिने ते अडकवल्याचं वाक्य शेवटी ठेवलं होतं. त्याच्या आधी ताई फडक्याची चौकोनी घडी घालते आणि परत उलगडते, तो भाग पूर्ण ठेवला होता, काही न बोलता, अकरा सेकंद.

मला वाटतं त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते मी कुणालाच सांगू नये. पण सांगते. माझ्या डोक्यात आलं, अकरा सेकंद, वा, बरोबर. ताई माझ्यापासून दोन हातांवर बसली होती.

“तू मला ओळखलं नव्हतंस का?” ताईने विचारलं.

“पहिल्याच फ्रेमला ओळखलं.”

“मग उठली का नाहीस?”

बारकीने वर बघितलं. रडत नव्हती. रडली असती तर बघवलं असतं.

“दीडच तास होता, आई.”

 बाहेर कुणाची तरी लिफ्ट वर गेली, खाली आली. मी दोघींच्या मधे काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं. पोर आहे, तिची चूक नाही, माझी आहे, असलं काहीतरी. मनापासून बोलणार होते. ताई माझ्याकडे वळली आणि मी तोंड मिटलं.

“तू निघ आता,” ती म्हणाली.

मी म्हणाले, ताई, मी थांबते ना, मी समजावते तिला.

“हिच्याशी बोलायचंय मला. तुझ्यासमोर नाही बोलणार.” तिचा आवाज चढला नव्हता, ती खिडकीवर नंबर पुकारते तसाच होता. “यापुढे तू ये, जा, जेव, तुला कुणी अडवणार नाही. पण तुझ्यासमोर मी चहा हवा की पाणी एवढंच बोलेन. दार ओढून घे.”

मी चपला घातल्या. बारकीने माझ्याकडे बघितलं नाही, ती आईच्या शेजारी पलंगावर बसायला निघाली होती, कपडे सरकवून. मी दार ओढून घेतलं.

जिन्यात मी थांबले. आतून ताईचा आवाज सुरू झाला, हळू, सलग. मधे बारकीचा एखादा शब्द. काय बोलताहेत ते कळत नव्हतं. जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की ते कळावं म्हणून मी श्वास धरून, दाराकडे कान करून उभी आहे. माझी मलाच शिसारी आली, आणि मी खाली उतरले.